खुर्च्या मांडणारीं माणसें

कोणत्याही स्पर्धेचा वृत्तांत वर्तमानपत्रांत छापून येतो, तेव्हां त्यांत तीन प्रकारच्या माणसांचीं नांवें असतात. पहिला प्रकार जिंकणारांचा, दुसरा बक्षिसें देणारांचा, आणि तिसरा, ज्यांच्या शुभहस्तें तीं बक्षिसें दिलीं गेलीं त्या पाहुण्यांचा. चौथा एक प्रकार असतो, त्याचें नांव छापलें जात नाहीं. आणि तें छापलें गेलें नाहीं म्हणून तो कधीं वर्तमानपत्राच्या कचेरीकडे तक्रार घेऊन गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. सकाळीं सहा वाजतां शाळेचें फाटक उघडून खुर्च्या मांडणारा, टेबलांवर अनुक्रमांक चिकटविणारा, पाण्याचें पिंप भरणारा, आणि सायंकाळीं पाहुण्यांची मोटार निघून गेल्यावर त्याच खुर्च्या पुन्हां एकावर एक रचून ठेवणारा जो मनुष्य, तो हा चौथा. त्याच्याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

आमचें सारें आयुष्य शिक्षकी पेशांत गेलें. मॅट्रिकची पायरी चढून आम्ही थांबलों, आणि पुढें रमलों तें संस्कृतांत. सेवानिवृत्तीनंतर रिकामपण जड जाऊं लागलें, तेव्हां आमच्या पेठेंतील कांहीं मंडळी उन्हाळ्याच्या सुटींत लहान मुलांच्या बुद्धिबळांच्या स्पर्धा भरवीत असत, त्यांत आम्हांस ओढण्यांत आलें. सोलापूरचा वैशाख ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस सांगावयास नको, कीं पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर चढला म्हणजे येथें कोणतीही आई मुलास दुपारीं अंगणांतसुद्धां सोडीत नाहीं. अशा दिवसांत सावलींत बसून खेळावयाचा हा खेळ आईबापांस देवानें धाडल्यासारखा वाटतो. आम्ही स्वतः बुद्धिबळें बेताचींच खेळतों. आमच्या नातीनें आपल्या आठव्या वर्षीं आम्हांवर मात केली, आणि तेव्हांपासून घरांत आमच्याशीं खेळण्यास कोणी फारसें उत्सुक नसतें. परंतु स्पर्धा भरविण्यास उत्तम खेळाडू लागत नाहीं. खेळणाऱ्यास नीट बसावयास मिळालें पाहिजे ही तळमळ असलेला मनुष्य लागतो. ती तळमळ शाळामास्तरांच्या अंगीं सहसा असते.

स्वयंसेवक हा शब्द तसा अलीकडचा. एका खोडकर विद्यार्थ्यानें वर्गांत त्याचा अर्थ 'स्वतःचीच सेवा करणारा' असा सांगितला होता, आणि जगाचा अनुभव पाहतां तो अगदींच टाकाऊ होता असें म्हणवत नाहीं. वास्तविक 'स्वयम्' हें अव्यय. 'आपण होऊन' हा त्याचा अर्थ. कोणी नेमलें नाहीं, कोणी धरून आणलें नाहीं, आपण होऊन जो सेवेस उभा राहिला तो स्वयंसेवक. सोलापुरास हा अर्थ शिकविण्याची गरज पडूं नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं याच गांवीं झाला. १९३८ सालीं चीनमधील युद्धांत जखमी झालेल्यांच्या शुश्रूषेसाठीं आपल्या देशांतून पांच डॉक्टरांचें जें पथक गेलें, त्यांत ते आपण होऊन सामील झाले. आणि १९४२ सालीं त्या परक्या भूमींतच त्यांनीं देह ठेवला. खुर्च्या मांडणारें पोर आणि डॉ. कोटणीस यांची तुलना करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु 'मला कोणी बोलावलें नव्हतें, तरी मी आलों आहें' ही वृत्ति दोहोंची एकच. फरक आहे तो त्यासाठीं मोजलेल्या किंमतीचा.

आतां कोणी विचारील, कीं दोन मुलें आणि मध्यें एक पट, एवढ्याशा खेळास इतके हात कशाला? यांतील मर्म थोडें गणित केल्यावांचून ध्यानांत यावयाचें नाहीं. समजा, चौसष्ट मुलें स्पर्धेस आलीं. हरेल त्यानें घरीं जावें अशी बाद पद्धति ठेविली, तर सहा फेऱ्यांत व त्रेसष्ट डावांत सारा निकाल लागतो. पण पहिल्या फेरीनंतरच बत्तीस मुलें डोळे पुशीत घरीं जातात. बार्शीहून अगर अक्कलकोटाहून पहांटेच्या एस. टी. नें आलेलें मूल अर्ध्या तासांत हरून उन्हांत परत जातें, आणि पुढच्या वर्षीं येत नाहीं. यावर १८९५ सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरीं एक तोड निघाली, तिला अद्याप 'स्विस पद्धति' असेंच म्हणतात. हींत कोणीही बाद होत नाहीं. पहिली फेरी झाली कीं जिंकलेल्यांची गांठ जिंकलेल्यांशीं, हरलेल्यांची हरलेल्यांशीं. पुढेंही प्रत्येक फेरींत समान गुणांचे खेळाडू शक्यतोंवर समोरासमोर, आणि एकदां खेळलेली जोडी पुन्हां बसवावयाची नाहीं. या रीतीनें सात फेऱ्या खेळविल्या, तर चौसष्ट मुलांचे दोनशें चोवीस डाव होतात. शेवटच्या टेबलावरील मुलासही आपल्या तोलामोलाचा सोबती सांपडतो, आणि सायंकाळपर्यंत एखादा तरी डाव जिंकून तें हंसत घरीं जातें.

त्रेसष्टांचे दोनशें चोवीस झाले, म्हणजे काम साडेतीनपट वाढलें. प्रत्येक फेरीच्या जोड्या लावणें, त्या भिंतीवर डकविणें, लहानग्यांस आपापलें टेबल शोधून देणें, घड्याळें लावणें, निकालाच्या चिठ्ठ्यांवर दोघांच्या सह्या घेणें. एकानें मोहऱ्यास हात लावला कीं नाहीं यावरून उद्भवलेलें भांडण पंच येईपर्यंत थोपवून धरणें. आणि दारावर उभें राहून 'माझ्या बाळाला एवढी एकच खेळी सांगून येतें' म्हणणाऱ्या माउलीस हात जोडून थांबविणें. यांतील शेवटचें काम सर्वांत अवघड. पंचांस शुल्क देऊन बोलावितां येतें, त्यांची परीक्षा असते, त्यांस अधिकार असतो. या बाकीच्या कामांस मात्र पैसे देऊन माणसें लावूं म्हटलें, तर प्रवेशशुल्क इतकें चढवावें लागेल कीं विडी वळणाऱ्या बाईचें पोर उंबऱ्याशींच थबकेल. सांगावयाचें तात्पर्य, हरलेल्यास घरीं पाठवावयाचें नाहीं असें एकदां ठरविलें, कीं स्वयंसेवकांवांचून गत्यंतर नाहीं.

हे स्वयंसेवक मिळवावे कसे? मंडळाचा जुना प्रघात असा, कीं शाळेच्या फळ्यावर सूचना लावावयाची: 'सेवाभावी तरुणांनीं आपलीं नांवें नोंदवावीं.' आम्ही मंडळांत गेलों त्या वर्षीं या सूचनेस तिघेजण धांवून आले. त्यांतील एकास ही पगारी जागा वाटली होती, दुसरा खोलीचा पत्ता विचारावयास आला होता, आणि तिसरा मात्र खरोखरच कामास आला. त्याच्याविषयीं पुढें सांगूं. ही हकीकत आम्ही घरीं सांगितली, तेव्हां आमची मंडळी निवडीत असलेलें ताट खालीं न ठेवतां म्हणाली, "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कोणी देवळाच्या भिंतीवर पाटी लावतं का? घरोघर जावं लागतं, नांव घेऊन बोलवावं लागतं, आणि 'या हं नक्की' म्हणून पुन्हा एकदा सांगावं लागतं. पाटी वाचून येते ती बाई प्रसादाला येते. बोलावलेली येते ती घरची होऊन येते."

चाळीस वर्षें व्याकरण शिकवून आम्हांस जें सुचलें नाहीं, तें या एका वाक्यांत होतें. पुढच्या वर्षीं आम्ही एक वही केली आणि पेठेंत घरोघर हिंडलों. 'मदत कराल का?' असें मोघम कोणासही विचारावयाचें नाहीं, हा पहिला नियम. 'शनिवारीं सकाळीं सात ते दहा, फाटकाशीं बसून आलेल्या मुलांच्या नांवांवर खूण करावयाची, एवढेंच काम, कराल का?' असें विचारलें, कीं दहांपैकीं सात जण होय म्हणतात. मनुष्य कामास भीत नाहीं. ज्या कामाचें टोंक दिसत नाहीं त्यास तो भितो. दुसरा नियम असा, कीं नवख्यास एकटें उभें करावयाचें नाहीं. त्याची जोडी जुन्या माणसाशीं लावावी, म्हणजे शिकविणाराचा मान वाढतो आणि शिकणाराची भीति जाते. तिसरा नियम जेवणाचा. स्वयंसेवकांचें पान शेवटीं, उरल्यासुरल्याचें, ही आपल्याकडील बऱ्याच समारंभांतील रीत आम्ही बंद केली. पंच, पाहुणे, खेळाडू आणि खुर्च्या मांडणारे, सर्वांस एकाच पंगतींत कडक भाकरी, शेंगाची चटणी व पिठलें. चौथा नियम आभारांचा. 'सर्व स्वयंसेवकांचे आभार' हें वाक्य आम्ही वर्ज्य केलें. त्याऐवजीं 'चौथ्या फेरीच्या वेळीं वीज गेली असतां ज्यानें अठ्ठेचाळीस खिडक्या उघडून पांच मिनिटांत खेळ सुरूं करून दिला तो अमुक' असें नांवानिशीं व कामानिशीं सांगावयाचें. त्या मुलाची आई त्या वेळीं सभेंत असेल अशी व्यवस्था करतां आली तर फारच उत्तम.

पांचवा नियम आम्हांस अनुभवानें उमगला, आणि तोच सर्वांत मोलाचा. काम द्यावयाचें तर त्याबरोबर अधिकारही द्यावा. दारावर ज्यास उभें केलें, त्यानें आंत सोडूं नये म्हटलें तर मंडळाच्या अध्यक्षांसही आंत जातां येऊं नये. एका वर्षीं चौदा वर्षांच्या एका मुलीनें एका मोठ्या देणगीदारांस फेरी चालू असतां खरोखरीच अडविलें. गृहस्थ थोडे चपापले, मग हंसून बाहेर बाकावर बसले. त्या दिवसापासून दारावर उभें राहण्यास मुलींची रांग लागूं लागली.

आमचें गांव बहुभाषिक. कोणी मराठी, कोणी तेलुगु, कोणी कानडी, कोणी उर्दू बोलणारा. मागांच्या आणि गिरण्यांच्या निमित्तानें आलेली माणसें येथें पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारीं राहत आलीं. परंतु शेजारीं राहणें निराळें आणि ओळख असणें निराळें. पेठेपेठेंत पोरांचे कळप वेगळे, मैदानें वेगळीं. बुद्धिबळाच्या पटावर मात्र बोलावयाचेंच नसतें, त्यामुळें भाषेची अडचण खेळतांना येत नाहीं. ती येते दारांत. आठ वर्षांचें मूल घाबरून रडूं लागलें म्हणजे तें आईच्या भाषेंत रडतें. म्हणून फाटकाशीं या चारही भाषा बोलणारीं माणसें असलींच पाहिजेत, असा आम्हीं दंडक घातला. त्यायोगें जीं माणसें जमलीं, त्यांत मागावरून निवृत्त झालेले एक पद्मशाली आजोबा होते, एक उर्दू शाळेंतील बाई होत्या, आणि कानडी मुलखांतून येथें सून म्हणून आलेल्या एक वृद्ध मावशी होत्या. मावशींस घोडा कसा चालतो हें अखेरपर्यंत कळलें नाहीं. परंतु हरलेलें मूल कोणत्या क्षणीं रडणार हें त्यांस पांच खेळ्या आधींच कळे, आणि त्या वेळीं त्या पाण्याचा पेला घेऊन नेमक्या तेथें असत.

आतां त्या तिसऱ्या मुलाविषयीं. तो विणकराच्या घरचा. पहिल्या वर्षीं तो खेळावयास आला आणि सातही फेऱ्या हरला. बाद पद्धति असती तर सकाळीं दहा वाजतांच त्याचा व आमचा संबंध संपला असता. सातवी फेरी संपेपर्यंत तो राहिला, आणि सारे गेल्यावर, कोणी सांगितलें नसतां, खुर्च्या उचलूं लागला. पुढच्या वर्षीं सूचना वाचून तोच आला. आम्हीं विचारलें, "अरे, खेळणार नाहींस का?" तो म्हणाला, "सर, खेळीन. पण फेरी नसंल तवा काम द्या." त्यास घड्याळांचें काम दिलें. बिघडलेलें घड्याळ दुरुस्त करणें, मग जोड्या लावण्याचें यंत्र चालविणें, मग नियमांचें पुस्तक पाठ करणें, असें करीत करीत पुढें तो पंचांची परीक्षा उत्तीर्ण झाला. आणि आज परगांवच्या स्पर्धांस त्यास मानानें बोलावतात. खेळांत तो अद्यापिही बेताचाच आहे. परंतु सोलापुरांतील शें-दीडशें मुलें त्याला 'दादा' म्हणतात, आणि त्यानें 'शांत बसा' म्हटल्यावर तीं खरोखर शांत बसतात. ही विद्या आम्हांसही सेवानिवृत्त होईपर्यंत पुरती साधली नव्हती.

कोणी म्हणेल, कीं यांतून मोठे खेळाडू निपजतात काय? निपजतातही. आपल्या सांगलीचेंच उदाहरण पाहा. तेथें भाऊसाहेब पडसलगीकरांनीं आणि नूतन बुद्धिबळ मंडळानें वर्षानुवर्षें मुलांस जमवून हा खेळ शिकविला. त्याच सांगलीच्या भाग्यश्री साठे, पुढें ठिपसे, यांनीं राष्ट्रीय महिला अजिंक्यपद पांच वेळां मिळविलें आणि १९८७ सालीं पद्मश्री किताब मिळविला. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ च्या जुलैंत बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली. अशा प्रत्येक नांवामागें लहानपणीं ज्या सभागृहांत तें मूल पहिल्यानें बसलें, तें सभागृह कोणीतरी झाडलेलें असतें. तरीही आम्ही प्रांजळपणें सांगतों, कीं ग्रँडमास्टर घडविणें हा आमचा हेतु नव्हता. शेवटच्या टेबलावरील मूल पुढच्या वर्षीं परत यावें, एवढाच होता.

या हेतूची कसोटी एकदां लागली. गोष्ट २०२३ सालची. मंडळाची शिल्लक संपत आली होती, सभागृहाचें भाडें वाढलें होतें. अशांत एक तरुण, नीटनेटके गृहस्थ आमच्याकडे आले. पैसे लावून दूरध्वनीवर खेळावयाचे खेळ चालविणाऱ्या कोणा कंपनीचे ते प्रतिनिधि. सभागृह, भोजन, चषक, एवढेंच नव्हे तर स्वयंसेवकांस एकसारखे सदरे, सारा खर्च कंपनी करणार. मोबदल्यांत एवढेंच, कीं भिंतीवर तिचें नांव झळकावें, आणि आलेल्या पालकांच्या व मोठ्या मुलांच्या दूरध्वनीवर तिचें खातें उघडून द्यावें. प्रत्येक खात्यामागें मंडळास कांहीं रक्कम मिळावयाची होती.

त्या रात्रीं आम्हांस 'मृच्छकटिका'ची आठवण झाली. त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकांत माथुर नांवाचा एक सभिक आहे. सभिक म्हणजे जुगाराचा अड्डा चालविणारा. संवाहक नांवाचा बिचारा दहा सुवर्णमुद्रा हरतो आणि पळत सुटतो. देवळांत मूर्ति नाहीं असें पाहून आपणच मूर्ति होऊन उभा राहतो. तरी सभिक त्यास शोधून काढतो, आणि शेवटीं वसंतसेना आपलें कंकण पाठवून त्याची सुटका करते. कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष हा अधिकारीच नेमून दिला आहे. जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे, फांशांचें भाडें घ्यावें, जागेचे पैसे घ्यावे, आणि पाण्याचेसुद्धां घ्यावे, अशी त्याची व्यवस्था आहे. राज्यकारभार चालविणाऱ्यास ती योग्यच असेल. परंतु सभिक आणि स्वयंसेवक यांतील अंतर त्या एका पाण्याच्या पेल्यांत आम्हांस दिसलें. दोघेही खेळ मांडतात, दोघेही जागा देतात, दोघेही माणसें गोळा करतात. एकाचें पोट भरतें तें हरणाऱ्यामुळें. दुसरा हरणाऱ्यास पाणी देऊन पुढच्या फेरीस बसवितो.

दुसऱ्या दिवशीं मंडळाची बैठक झाली. मतें विभागलीं होतीं, आणि होकार देणारांस लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांतील दोघांनीं मागल्या वर्षींची तूट आपल्या खिशांतून भरली होती. अखेर तो विणकराचा मुलगा उठून म्हणाला, "सर, सदरे नको. आमच्याकडं सदरे हायेत." सारे हंसले, आणि प्रश्न सुटला. त्या वर्षीं सभागृहाऐवजीं शाळेचे सहा वर्ग घेतले. एका गिरणी कामगाराच्या मुलानें मंडपाचें कापड दिलें. चषकांऐवजीं सोलापुरी टॉवेल व चादरी बक्षीस दिल्या, आणि त्या घरांत रोज उपयोगीं पडतात म्हणून आयांस अधिक आवडल्या. बाहेरचा पैसा नाकारण्याचें बळ आमच्या अंगीं आलें तें आमच्या सद्गुणामुळें नव्हे, तर वहींत बेचाळीस नांवें होतीं म्हणून. ज्याच्याजवळ माणसें नाहींत त्यास पैशापुढें वांकावेंच लागतें. पुढें २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या अशा खेळांवर कायद्यानें बंदी घातली, तेव्हां बैठकींत होकार देणारांपैकीं एक सद्गृहस्थ पेढे घेऊन आमच्या घरीं आले.

त्याच कायद्यानें मात्र संगणकावरील चढाओढीच्या खेळांस, ज्यांस 'ई-स्पोर्ट्स' म्हणतात, जुगारापासून वेगळें काढून मान्यता दिली आहे. १९५०-६० सालीं जन्मलेल्या आम्हां मंडळींस हें ऐकून नाक मुरडावेंसें वाटतें. परंतु २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत प्रात्यक्षिक म्हणून आणि हांगझौ येथें २०२३ सालीं भरलेल्या सामन्यांत पदकांसह हे खेळ झाले आहेत, ही वस्तुस्थिति आहे. आमच्या स्पर्धेंत वाढलेलीं चार मुलें गेल्या वर्षीं आमच्याकडे आलीं: "सर, बुद्धिबळांच्या दुसऱ्या आठवड्यांत तेच वर्ग आम्हांला मिळतील का?" संगणकावरील फुटबॉलची स्पर्धा त्यांस भरवावयाची होती. आम्हीं तीन अटी घातल्या. पैसे लावावयाचे नाहींत. हरलेल्यास पहिल्या फेरींत घालवावयाचें नाहीं. आणि रात्रीं आठ वाजतां दिवे बंद. तिन्ही त्यांनीं मान्य केल्या. त्यांतील एकानें आम्हांस सांगितलें, कीं स्वीडन देशांतील 'ड्रीमहॅक' नांवाचा जो प्रचंड मेळा आज जगप्रसिद्ध आहे, तो १९९४ सालीं मालुंग नांवाच्या लहानशा गांवीं एका प्राथमिक शाळेच्या भोजनगृहांत भरला होता. शाळेचें नांव निघाल्यावर आमचा विरोध बराच मावळला, हें सांगावयास नकोच.

त्यांची अडचण आमच्याच जुन्या अडचणीची धाकटी बहीण निघाली. दूरध्वनीवरील त्यांच्या मेळाव्यांत तीनशें मुलें. 'कामास कोण येणार?' असें तेथें विचारतांच शेंकड्यांनीं अंगठ्याचीं चित्रें उमटलीं. प्रत्यक्षांत आलीं चार. आम्हीं म्हटलें, "बाळांनो, मराठींत अंगठा दाखविणें याचा अर्थ काय, तो एकदां कोशांत पाहा." मग त्यांस हळदीकुंकवाचा न्याय समजावून दिला, वही कशी करावयाची तें दाखविलें, आणि तीं मुलें उन्हाच्या आधीं सायकलींवरून घरोघर हिंडलीं. पंधरा दिवसांत एकतीस नांवें झालीं. त्यांत तारा जोडणारे होते, विजेचा भार मोजणारा एक तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी होता, आणि दारावर आमचीच ती जुनी मुलगी होती.

स्पर्धेच्या दिवशीं आम्ही मागल्या बाकावर बसून होतों. खेळ आम्हांस कळला नाहीं. परंतु एक गोष्ट पाहिली ती सांगतों. दुपारच्या फेरींत दोन मुलें शेजारींशेजारीं बसलीं. खेळ सुरूं होण्यापूर्वीं पडद्यावर प्रत्येकाचें टोपणनांव उमटलें, आणि दोघेही खुर्चींतून उठले. "तो तूं होय!" एवढेंच एक म्हणाला. दोन वर्षें हीं पोरें रोज रात्रीं एकमेकांविरुद्ध खेळत होतीं, एकमेकांस टोपणनांवानें ओळखत होतीं, एकमेकांवर चिडत होतीं. आणि त्यांचीं घरें दोन गल्ल्यांच्या अंतरावर, एक तेलुगु बोलणारें, एक मराठी. त्या दिवशीं दोघांनीं भाकरी एका पानांत खाल्ली. पुढें महिन्याभरानें एकाचे वडील रात्रीं अकस्मात् आजारी पडले, तेव्हां रिक्षा घेऊन धांवला तो दुसरा.

या खेळांमुळें मुलांचा अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, झोंप उडते, या आयांच्या तक्रारी खोट्या नाहींत. आम्ही त्यांच्याच बाजूचे आहों. परंतु मूल खोलीचें दार लावून एकटें खेळतें तेव्हां त्याच्यावर कोणाचीच नजर नसते. तेंच मूल शाळेच्या वर्गांत, तीस ओळखीच्या माणसांत, आठ वाजतां बंद होणाऱ्या दिव्याखालीं खेळूं लागलें, म्हणजे त्याच्या खेळास वेळेचें, मर्यादेचें आणि शेजाराचें बंधन आपोआप येतें. खेळ कोणता हें महत्त्वाचें आहेच. पण तो कोणाच्या संगतींत चालतो हें त्याहून कमी महत्त्वाचें नाहीं. जागतिक बुद्धिबळ संघ १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झाला. 'आपण सारे एक कुटुंब आहों' अशा अर्थाचें लॅटिन वाक्य त्यानें ब्रीद म्हणून धारण केलें आहे. कुटुंब म्हटलें कीं जिंकणारा एक आणि भांडीं घासणारे दहा, हें कोणत्याही गृहिणीस सांगावें लागत नाहीं.

वाचकांपैकीं कांहींच्या गांवीं येत्या सुटींत अशी एखादी स्पर्धा भरेल. बुद्धिबळांची असो, खोखोची असो, वा आम्हांस न कळणाऱ्या कोणत्या नव्या खेळाची असो. तेथें मूल पोंचवून परत येण्याऐवजीं अर्धा तास थांबावें आणि 'मला एखादें काम सांगा' असें तेथील पोरांस म्हणावें. आणि भरविणारांपैकीं कोणी हें वाचीत असेल, तर त्यानें फळ्यावरची सूचना पुसून टाकावी, एक वही घ्यावी, आणि संध्याकाळीं ऊन उतरल्यावर शेजारच्या घरापासून आरंभ करावा. आमची यंदाची वही तयार आहे. तींत अद्याप नऊ नांवें कमी पडतात. तीं मिळवावयास उद्यां सकाळीं बाहेर पडावयाचें आहे, म्हणून येथेंच थांबतों.